ब्यॉर्नस्त्यार्ने ब्यॉर्नसन: जीवन आणि साहित्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नॉर्वेचे नाटककार म्हटले की मराठी वाचकाला प्रथम हेन्रिक इब्सेन आठवतात. मात्र आधुनिक मराठी रंगभूमीची सुरुवात ज्या प्रयोगापासून मानण्याचा प्रघात आहे, त्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचे मूळ इब्सेन यांच्याकडे नसून त्यांच्या मित्राकडे, प्रतिस्पर्ध्याकडे आणि पुढे व्याही झालेल्या ब्यॉर्नसन यांच्याकडे आहे. त्यांच्याविषयी सहसा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

ब्यॉर्नसन कोण होते?

ब्यॉर्नस्त्यार्ने ब्यॉर्नसन (१८३२–१९१०) हे नॉर्वेचे कवी, नाटककार, कथाकार, संपादक, नाट्यदिग्दर्शक आणि वक्ते होते. नॉर्वेचे राष्ट्रगीत त्यांनी लिहिले. १९०३ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले नॉर्वेजियन ठरले. इब्सेन, यूनास ली, अलेक्झांडर कीलांड आणि ब्यॉर्नसन या चौघांना नॉर्वेच्या साहित्येतिहासात ‘चार थोर’ असे संबोधले जाते. हयात असताना या चौघांत लोकांच्या सर्वाधिक जवळचे ब्यॉर्नसनच होते, आणि आज नॉर्वेबाहेर सर्वात कमी वाचले जाणाऱ्यांतही त्यांची गणना करावी लागते.

त्यांच्या नावाचा अर्थ काय?

‘ब्यॉर्न’ म्हणजे अस्वल आणि ‘स्त्यार्ने’ म्हणजे तारा. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो ते तारे युरोपात मोठ्या अस्वलाच्या तारकासमूहात मोजले जातात आणि या नावाचा रोख तिकडेच आहे. ‘ब्यॉर्नसन’ म्हणजे अस्वलाचा पुत्र. धिप्पाड अंगकाठी, आयाळीसारखे केस आणि सभागृह दणाणून सोडणारा आवाज असलेल्या या माणसाला हे नाव शोभून दिसे.

त्यांचे बालपण कोठे गेले आणि त्याचा लेखनावर काय परिणाम झाला?

८ डिसेंबर १८३२ रोजी क्विक्ने या डोंगराळ गावातील ब्यॉर्गान नावाच्या एकाकी वाड्यावर त्यांचा जन्म झाला. वडील पेडर ब्यॉर्नसन हे लुथरन पंथाचे धर्मोपदेशक होते. ब्यॉर्नसन पाच वर्षांचे असताना वडिलांची बदली पश्चिम किनाऱ्याजवळच्या रोम्सडाल भागातील नेस्सेट येथे झाली आणि उंचावरच्या उजाड थंडीतून हे कुटुंब समुद्राच्या अरुंद फाट्यांच्या, हिरव्या उतारांच्या प्रदेशात आले. एकाच बालपणात निसर्गाच्या या दोन तऱ्हा पाहिलेल्या मुलाने पुढे मोठेपणी शेतकऱ्यांच्या कथा लिहिल्या. त्यांत सावलीतले घर आणि उन्हातले घर हा भेद वारंवार येतो, आणि त्याची मुळे या स्थलांतरात शोधण्याचा मोह आवरत नाही.

धर्मोपदेशकाच्या घरी गावातले सारे बारसे, लग्न, मर्तिक आणि भांडण येऊन पोहोचत असे. ‘बाप’ नावाची त्यांची दोन-अडीच पानांची कथा या अनुभवातूनच आली असावी. गावचा सर्वात श्रीमंत शेतकरी मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी, धर्मदीक्षेसाठी आणि लग्नाच्या घोषणेसाठी असा तीनदा ताठ मानेने धर्मोपदेशकाकडे येतो. चौथ्यांदा येतो तेव्हा मुलगा सरोवरात बुडालेला असतो आणि मुलाच्या नावाने गरिबांना देण्यासाठी बापाने मालमत्तेची निम्मी किंमत आणलेली असते. एवढ्या थोड्या जागेत इतका मोठा काळ बसवणे कसलेल्या कथाकारालाही सहज जमत नाही. ब्यॉर्नसन यांचे एकच काही वाचायचे असेल, तर ही कथा वाचावी.

‘शेतकरी-कथा’ म्हणजे नेमके काय?

मोल्डे येथील शालेय शिक्षण आटोपून ब्यॉर्नसन १८५० साली क्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ऑस्लोत आले. तेथे हेल्टबर्ग नावाच्या गुरुजींच्या शिकवणी-शाळेत विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चाले आणि लोक तिला गमतीने ‘विद्यार्थ्यांचा कारखाना’ म्हणत. इब्सेन, यूनास ली आणि कवी विन्ये हेही याच कारखान्यातून बाहेर पडले. परीक्षा उत्तीर्ण होऊनही ब्यॉर्नसन विद्यापीठात रमले नाहीत. ते वृत्तपत्रांत नाट्यसमीक्षा लिहू लागले.

१८५७ साली ‘सिन्नवे सोलबाक्केन’ ही त्यांची दीर्घकथा प्रसिद्ध झाली. सोलबाक्केन हे टेकडीवरचे, दिवसभर ऊन खाणारे घर, तर ग्रानलीडेन हे सूचिपर्णी झाडांच्या छायेतले घर. पहिल्या घरातली शांत सिन्नवे आणि दुसऱ्या घरातला तापट तोरब्यॉर्न यांच्या प्रेमाची ही गोष्ट आहे. तोपर्यंत शहरी लेखक शेतकऱ्याकडे चित्रातल्या पात्रासारखे पाहत. ब्यॉर्नसन यांनी त्याला जुन्या सागांची, म्हणजे मध्ययुगीन नॉर्डिक गद्यकथांची भाषा दिली. मोजकी वाक्ये, भावनेचा उच्चार टाळणारे संवाद आणि मौनातून उलगडणारी माणसे ही त्या भाषेची लक्षणे. त्यानंतर ‘आर्ने’ (१८५९) आणि ‘आनंदी मुलगा’ (१८६०) या कथा आल्या. या कथांमधील शेतकरी जरा जास्तच धुतलेला, नीटनेटका आहे हा आक्षेप खरा आहे. तरीही त्या वाक्यरचनेने नॉर्वेजियन गद्याला जे वळण दिले ते टिकले.

नॉर्वेच्या राष्ट्रगीताची हकिकत काय आहे?

‘होय, आमचे या देशावर प्रेम आहे’ अशा अर्थाने सुरू होणारे हे गीत प्रथम १८५९ साली वृत्तपत्रात छापले गेले. ब्यॉर्नसन यांचे नात्यातले भाऊ रिकार्ड नूरड्रोक यांनी त्याला चाल लावली. १७ मे १८६४ रोजी, नॉर्वेच्या राज्यघटनेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, ते जाहीरपणे गायले गेले. नूरड्रोक त्यानंतर दोन वर्षांच्या आत, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी वारले.

पार्श्वभूमी अशी की नॉर्वे सुमारे चार शतके डेन्मार्कच्या छायेत होता आणि १८१४ पासून स्वीडनच्या राजाखाली संयुक्त राज्याचा भाग होता. अशा देशाच्या गीतात शत्रूला धमकी असती तर नवल नव्हते. या गीताची सुरुवात मात्र पाण्यातून वर येणाऱ्या, वाऱ्या-पावसाने झिजलेल्या, हजारो घरांच्या भूमीच्या चित्राने होते. देश म्हणजे प्रथम घरे, मग राजे आणि लढाया. एकूण आठ कडव्यांपैकी समारंभात सहसा पहिले आणि शेवटची दोन म्हटली जातात. गंमत अशी की दीडशे वर्षांहून अधिक काळ सर्वांनी राष्ट्रगीत म्हणून गायलेल्या या गीताला नॉर्वेच्या संसदेने, स्टोर्टिंगने, औपचारिक मान्यता दिली ती २०१९ साली.

१७ मेचा आणखी एक वारसा त्यांच्याकडे जातो. त्या दिवशी नॉर्वेत लष्करी संचलनाऐवजी शाळकरी मुलांच्या मिरवणुका निघतात. १८७० साली राजधानीत मुलग्यांची अशी मिरवणूक सुरू करण्यात ब्यॉर्नसन यांचा पुढाकार होता; मुलींना तीत प्रवेश मिळायला १८८९ उजाडले.

रंगभूमीशी त्यांचा संबंध केवळ लेखनापुरता होता का?

नव्हता. त्या काळी क्रिस्तियानियाच्या मुख्य रंगमंदिरात डॅनिश नटांचे आणि डॅनिश उच्चारांचे वर्चस्व होते. १८५६ साली त्याविरुद्ध प्रेक्षागृहात शिट्ट्या वाजवून जो गोंधळ घातला गेला, त्याचे पुढारीपण तरुण ब्यॉर्नसन यांच्याकडे होते. पुढच्याच वर्षी बर्गन येथील नॉर्वेजियन रंगमंदिराची सूत्रे इब्सेन यांच्यामागून त्यांच्या हाती आली. १८५८ साली त्यांनी करोलीने रायमर्स या अभिनेत्रीशी विवाह केला. १८६५ ते १८६७ या काळात ते ज्या क्रिस्तियानिया रंगमंदिरात शिट्ट्या वाजवल्या होत्या, त्याचेच संचालक होते. पुढे १८९९ साली राष्ट्रीय रंगमंदिर उघडले तेव्हा त्याचे पहिले संचालक त्यांचे पुत्र ब्यॉर्न हे होते, आणि इमारतीसमोर इब्सेन व ब्यॉर्नसन यांचे पुतळे दोघांच्या हयातीतच उभे राहिले.

आरंभीची त्यांची नाटके ऐतिहासिक आहेत. ‘राजा स्वेर्रे’, ‘सिगुर्ड स्लेम्बे’ ही नाट्यत्रयी आणि ‘स्कॉटलंडमधील मारिया स्टुअर्ट’ ही त्यांतील ठळक नावे. ‘सिगुर्ड योर्सालफार’ (१८७२) या नाटकाला एडवर्ड ग्रीग यांनी संगीत दिले. ग्रीग यांच्यासाठी त्यांनी ‘ओलाव त्रिग्वासोन’ या संगीतिकेचे पहिले प्रवेशही लिहिले होते. पुढचे प्रवेश येईनात, दरम्यान ग्रीग इब्सेन यांच्या ‘पेर ग्युंट’च्या संगीतात गुंतले, आणि ब्यॉर्नसन रुसले. ती संगीतिका अपुरीच राहिली.

सामाजिक प्रश्नांवरील नाटकांची सुरुवात इब्सेन यांनी केली ना?

तसे सर्रास सांगितले जाते, परंतु कालक्रम निराळा आहे. साहित्याने प्रश्न चर्चेला घ्यावेत, असे आवाहन डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेस यांनी १८७१ च्या व्याख्यानांतून केले होते. त्यानंतर १८७५ साली ब्यॉर्नसन यांची ‘दिवाळखोरी’ आणि ‘संपादक’ ही गद्य नाटके आली. इब्सेन यांचे ‘समाजाचे आधारस्तंभ’ हे नाटक १८७७ चे आणि ‘बाहुलीघर’ १८७९ चे. समकालीन दिवाणखाना, पैसा, वृत्तपत्रे आणि सार्वजनिक खोटेपणा या गोष्टी स्कँडिनेव्हियाच्या रंगभूमीवर ठामपणे आणण्याचे श्रेय म्हणूनच आधी ब्यॉर्नसन यांना द्यावे लागते.

‘दिवाळखोरी’चे कथानक आजही शिळे वाटत नाही. त्येल्डे हा व्यापारी आतून बुडालेला आहे, मात्र पत टिकवण्यासाठी मेजवान्या देत राहतो. बेरेंट नावाचा वकील त्याच्यासमोर ताळेबंद ठेवतो आणि त्यातील एकेक मालमत्तेची खरी किंमत विचारू लागतो. हिशेबाच्या या दृश्यात त्येल्डे पिस्तूल काढण्यापर्यंत जातो. केवळ आकड्यांच्या जोरावर नाट्य इतके ताणून धरणे ही त्या काळी अगदी नवी गोष्ट होती, आणि जर्मनीत या नाटकाचे प्रयोग जोरात चालले ते याच दृश्यामुळे, असे मानायला हरकत नाही.

मग ब्यॉर्नसन मागे का पडले?

याचे उत्तर त्याच नाटकाच्या चौथ्या अंकात आहे. दिवाळे निघाल्यावर त्येल्डे कुटुंब लहान घरात राहायला जाते, सर्वजण कष्ट करतात, प्रामाणिक कारकुनाचे आणि मोठ्या मुलीचे जुळते, आणि माणसे पूर्वीपेक्षा सुखी होतात. इब्सेन यांच्या ‘बाहुलीघर’ची नायिका नोरा दार लोटून निघून जाते आणि प्रेक्षक अस्वस्थ मनाने घरी परततो. ब्यॉर्नसन यांच्या नाटकात दार लागल्यावर नवे घर बांधून दाखवले जाते. माणूस सुधारतो यावर त्यांची गाढ श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेने त्यांच्या पुष्कळ नाटकांचे शेवट मऊ केले. शिवाय ज्या वादांसाठी ती लिहिली गेली ते वाद मिटले, की नाटकांतील काही भाषणे जुन्या अग्रलेखांसारखी वाटू लागतात.

याला मोठा अपवाद म्हणजे ‘शक्तीपलीकडे’ या नाटकाचा १८८३ सालचा पहिला भाग. १८७० च्या दशकाच्या अखेरीस डार्विन, स्पेन्सर, मिल या विचारवंतांच्या वाचनानंतर ब्यॉर्नसन यांनी परंपरागत ख्रिस्ती श्रद्धा सोडली होती. परंतु या नाटकात श्रद्धेची टिंगल नाही. नॉर्वेच्या दूर उत्तरेत प्रार्थनेने रोगी बरे करणारे आदोल्फ सांग हे धर्मोपदेशक आहेत. त्यांची पत्नी क्लारा अंथरुणाला खिळलेली आहे, आणि तिची पतीवर निष्ठा असली तरी त्याच्या श्रद्धेत ती सहभागी नाही. सांग चर्चमध्ये प्रार्थनेला बसतात, डोंगरकडा कोसळतो आणि चर्चला वळसा घालून जातो. क्लारा उठून चालत येते, सर्वजण चमत्काराचा जयघोष करतात, आणि ती पतीच्या मिठीत प्राण सोडते. ‘पण असा हेतू नव्हता...’ असे म्हणत सांग, वाक्य पूर्ण होण्याआधीच, कोसळतात. येथे लेखकाने समेट केलेला नाही, आणि म्हणूनच हे नाटक त्यांच्या सर्व नाटकांत श्रेष्ठ आहे.

इब्सेन आणि ब्यॉर्नसन यांचे संबंध कसे होते?

नाते गुंतागुंतीचे होते. इब्सेन यांचा मुलगा सिगुर्ड याचे ब्यॉर्नसन हे धर्मपिता. १८६४ साली कर्जबाजारी इब्सेन इटलीला जाऊ शकले ते बऱ्याच अंशी ब्यॉर्नसन यांनी जमवलेल्या पैशामुळे. ‘ब्रांड’ हे नाटक कोपनहेगनच्या ग्युल्देंदाल प्रकाशनाकडे पोहोचले तेही त्यांच्याच शब्दावर. पुढे इब्सेन यांनी ‘तरुणांचा संघ’ (१८६९) या नाटकात बोलघेवडा राजकारणी रंगवला आणि तो आपल्यावरच बेतला आहे, असे ब्यॉर्नसन यांना वाटले. त्यानंतर दशकभर दोघांत अबोला राहिला. १८८१ साली ‘भुते’ या नाटकावर सगळीकडून झोड उठली तेव्हा इब्सेन यांची बाजू घेणाऱ्या मोजक्या लोकांत ब्यॉर्नसन होते, आणि अबोला सुटला. १८९२ साली त्याच सिगुर्डचा विवाह ब्यॉर्नसन यांची कन्या बर्ग्लियोत हिच्याशी झाला आणि दोघे व्याही झाले. सिगुर्ड आणि बर्ग्लियोत यांचे पुत्र तांक्रेद इब्सेन चित्रपट-दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले.

राजकारणात त्यांची भूमिका काय होती?

राजकारणापासून त्यांना वेगळे काढताच येत नाही. स्वीडनशी असलेल्या संयुक्त राज्यात नॉर्वेचे समान स्थान, संयुक्त राज्याची खूण नसलेला ‘स्वच्छ’ ध्वज आणि लोकसत्ताक राज्यव्यवस्था यांसाठी ते गावोगाव बोलत फिरले. १८८०–८१ साली अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांपुढेही त्यांनी व्याख्याने दिली. स्टोर्टिंगने कीलांड यांना लेखक-मानधन नाकारले, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी स्वतःचे मानधन सोडले. भाषेच्या वादात मात्र ते बोलीभाषांवर आधारलेल्या नव्या लेखनभाषेच्या विरोधात, प्रस्थापित ‘रिक्समोल’च्या बाजूने उभे राहिले. शेतकऱ्यांच्या कथांनी नाव कमावलेल्या लेखकाची ही भूमिका अनेकांना तेव्हाही खटकली आणि आजही खटकते.

उतारवयात त्यांनी देशाबाहेरच्या अन्यायांकडे लक्ष वळवले. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा त्याची बाजू घेणारे कादंबरीकार झोला यांना त्यांनी पाठिंबा दिला. २७ ऑक्टोबर १९०७ रोजी तेव्हाच्या हंगेरी राज्यातील चेर्नोवा या स्लोव्हाक गावात पोलिसांच्या गोळीबारात पंधरा माणसे मारली गेली. त्याआधीपासून ब्यॉर्नसन हंगेरीचे शिक्षणमंत्री आप्पोनी यांच्या अल्पसंख्याकविरोधी धोरणावर टीका करत होते. स्लोव्हाकियात त्यांचे नाव आजही कृतज्ञतेने घेतले जाते.

‘हातमोजा’ हे नाटक कशाविषयी आहे आणि त्यावरून वाद का झाला?

पूर्वी युरोपात द्वंद्वाचे आव्हान देताना प्रतिपक्षासमोर हातमोजा फेकण्याची रीत होती. आपल्याकडे पैजेचा विडा ठेवला जाई, तसाच हा प्रकार. १८८३ सालच्या या नाटकातील स्वावा रीस या तरुणीचा विवाह आल्फ क्रिस्टेनसेन या धनिकपुत्राशी ठरला आहे. आल्फचे पूर्वी एका स्त्रीशी संबंध होते, असे तिला कळते. वडीलधारी मंडळी ‘पुरुषांचे असे चालतेच’ म्हणून समजूत घालू लागतात, आणि त्या ओघात आपल्या वडिलांचाही इतिहास तसाच असल्याचे आणि आईने तो मुकाट्याने गिळल्याचे तिच्यापुढे उघड होते. वधूकडून जी शुचिता अपेक्षित धरली जाते तीच वराकडूनही हवी, अशी तिची मागणी आहे. ती आल्फच्या तोंडावर हातमोजा फेकते. रंगभूमीसाठी ब्यॉर्नसन यांनी हे नाटक पुढे पुन्हा लिहिले, त्यामुळे त्याच्या दोन आवृत्त्या उपलब्ध आहेत.

वाद दोन्ही बाजूंनी पेटला. रूढिप्रियांना विषयच अश्लील वाटला, तर क्रिस्तियानियातील बंडखोर तरुणांना आणि स्वीडिश लेखक स्ट्रिंडबर्ग यांना ही मागणी सोवळेपणाची वाटली. ‘हातमोजा-नीती’ असा हेटाळणीचा शब्दच रूढ झाला. ब्रांडेस यांच्याशीही त्यांचे या प्रश्नावरून बिनसले. ब्यॉर्नसन मागे हटले नाहीत. १८८७–८८ मध्ये एकपत्नीत्व आणि बहुपत्नीत्व या विषयावर व्याख्याने देत त्यांनी स्कँडिनेव्हिया पिंजून काढला.

मराठी रंगभूमीशी त्यांचा नेमका संबंध कोणता?

‘हातमोजा’चे मराठी रूपांतर श्री. वि. वर्तक यांनी ‘आंधळ्यांची शाळा’ या नावाने केले आणि ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग केला. त्यावेळी संगीत नाटकांचा बहर ओसरला होता आणि बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेले होते. या प्रयोगात रंगवलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या खोलीसारखा देखावा होता, संवाद बोलण्यातल्या मराठीत होते, गाणी मोजकी होती आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. संगीत केशवराव भोळे यांचे होते आणि नायिका बिंबाची भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली.

या नाटकाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा नेपथ्य, संगीत आणि अभिनय यांच्याभोवतीच फिरते. परंतु ज्या समाजात विवाह ठरवताना मुलीच्या चारित्र्याची बारीक चौकशी होई आणि मुलाच्या बाबतीत कमाई विचारून थांबले जाई, तेथे या विषयाची निवड हेच धाडस होते. पन्नास वर्षांपूर्वी नॉर्वेत विचारलेला प्रश्न मुंबईत परका वाटला नाही, याचे कारण तंत्रात सापडणार नाही.

नोबेल पारितोषिकाविषयी आणि अखेरच्या दिवसांविषयी काय सांगता येईल?

१९०३ च्या सन्मानपत्रात त्यांच्या उदात्त आणि बहुरंगी काव्याचा, त्यातील प्रेरणेच्या ताजेपणाचा व विशुद्ध वृत्तीचा गौरव आहे. शांतता पारितोषिक देणाऱ्या नॉर्वेजियन समितीचेही ते १९०१ ते १९०६ या काळात सदस्य होते. २६ एप्रिल १९१० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. नौदलाच्या ‘नॉर्गे’ या जहाजातून त्यांचे पार्थिव मायदेशी आणण्यात आले आणि राजधानीतील ज्या दफनभूमीत इब्सेन विसावले होते, तेथेच त्यांना मूठमाती देण्यात आली. गाउस्दाल खोऱ्यातील औलेस्ताद हे त्यांचे घर १९३५ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे.

त्यांचे साहित्य वाचायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

नॉर्वेजियन न येणाऱ्या मराठी वाचकाला इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो. आर. फार्करसन शार्प यांनी शतकापूर्वी ‘संपादक’, ‘दिवाळखोरी’, ‘हातमोजा’ आदी नाटकांची केलेली भाषांतरे इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. भाषा जुनी आहे, तरी संवादांचा वेग कळतो. कथांपैकी ‘बाप’ आणि ‘सिन्नवे सोलबाक्केन’, नाटकांपैकी ‘शक्तीपलीकडे’चा पहिला भाग आणि मग ‘हातमोजा’, असा क्रम सुचवावासा वाटतो. ‘शक्तीपलीकडे’चा १८९५ चा दुसरा भाग संप आणि सुरुंगस्फोट यांविषयीचा आहे, तो नंतर वाचला तरी चालेल. कविता मात्र भाषांतरात बरीच कोमेजते.

‘हातमोजा’ वाचताना मराठी वाचकाने सोबत ‘कुलवधू’ही वाचावे. मो. ग. रांगणेकर यांच्या १९४२ सालच्या या नाटकावर इब्सेन यांच्या ‘बाहुलीघर’ची छाया आहे. त्यातील घर सोडून निघणाऱ्या भानुमतीची भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली होती. म्हणजे नॉर्वेच्या या दोन व्याह्यांच्या दोन नायिका मराठी प्रेक्षकांसमोर नऊ वर्षांच्या अंतराने एकाच अभिनेत्रीच्या रूपाने उभ्या राहिल्या.